न शिवलेलं पागोटं

ही गोष्ट ज्या दोन देशांची आहे ते तुमच्या नकाशात सापडायचे नाहीत, तेव्हा उगाच शोधत बसू नका. तुमच्या नकाशात वैनगंगेच्या अलीकडे चंद्रपूर जिल्हा, पलीकडे गडचिरोली जिल्हा, दोन्हीकडे एकच सरकार, विषय संपला. ह्या गोष्टीत मात्र भोवतालचा सगळा मुलूख भारतात गेला आणि ही दोन चिमुकली राज्यं तेवढी राहून गेली. नदीच्या अलीकडे चांदा, पलीकडे वैरागड. दोघांची विधानसभा वेगळी, पोलीस वेगळे, शाळेतली पुस्तकंसुद्धा वेगळी, आणि धानाच्या भावावरून दर हंगामात तोंडाला तोंड. सामाईक एकच, तो म्हणजे राजा. राजा एक म्हणून पूल मोकळा. ब्रह्मपुरीचा माणूस सकाळी चहा पिऊन निघाला की नाश्त्याला पलीकडे वडशात, ना कागद ना पत्र.

आता दोन देशांना राजा एक कसा राहिला? तर एका गाठीने. हसू नका, तुमच्याकडेही अशा गोष्टी असतील, फक्त त्यांना तुम्ही कायदा म्हणत असाल.

चांद्याचा तांबडा सुती शेला अकरा हात. वैरागडचा पिवळसर कोशाचा, म्हणजे रानरेशमाचा, शेला अकरा हात. दोन्हींची टोकं एका गाठीने जोडायची आणि तो बावीस हातांचा पट्टा नव्या राजाच्या डोक्याला बांधायचा, अशा बेताने की गाठ बरोबर मानेवर, घड्यांच्या आत यावी. कुणाचं टोक वर आणि कुणाचं खाली हे दिसता कामा नये, नाहीतर त्यावरून आणखी दहा वर्षं भांडण. कापडाला कात्री लागता कामा नये, सुई तर नाहीच नाही. चांद्याच्या घाटावर पागोटं बांधायचं, राजाने डोंग्यात उभ्याने नदी पार करायची, आणि पलीकडच्या घाटावर वैरागडच्या मानाच्या घरातल्या थोरल्या बाईने पागोट्यात दोन बोटं घालून चाचपायचं. ती म्हणाली ‘गाठ हाये’, की ढोल वाजला. वाटेत गाठ सुटली तर दोन्ही देश त्या घटकेपासून एकमेकांना मोकळे. पूल बंद, आणि नवा करार होईपर्यंत बंदच. नवा करार किती दिवसांत करायचा, हे जुन्या करारात लिहायचं कुणाला सुचलंच नाही. नऊ राजे झाले, गाठ एकदाही सुटली नव्हती.

ती बांधायचा मान ब्रह्मपुरीच्या नईमभाईंच्या घराकडे. एरवी त्यांचं बाजाराच्या कोपऱ्यावर शिवणकामाचं दुकान, आणि लग्नसराईत नवरदेवांना फेटे बांधायला पंचक्रोशीत त्यांनाच बोलावणं. वय अठ्ठावन्न. मागच्या वेळी, एकतीस वर्षांपूर्वी, बापूजीराजांना पागोटं बांधलं ते त्यांच्या अब्बांनी. नईम तेव्हा कापड हातात धरून मागे उभे होते, म्हणून त्यांना एक गोष्ट माहीत होती जी दोन्ही देशांत दुसऱ्या कुणालाही माहीत नाही असं त्यांना वाटत होतं.

ती गोष्ट अशी, की त्या गाठीत टाका असायचा.

अहो, त्याशिवाय गाठ टिकणार कशी? सुती कापड कापडाला धरतं. कोसा कुणाला धरत नाही. कोशाची गाठ सुताशी मारा, दहा पावलं चाला आणि बघा, साबणाच्या वडीसारखी हातातून जाते. घाट उतरायचा, डोंग्यात चढायचं, नदी पार करायची, पुन्हा चढ चढायचा. नऊ राजांची गाठ काय पुण्याईवर टिकली? कांजी करायला म्हणून दोन्ही शेले आठ दिवस आधी घरी यायचे. तेव्हा घरचा कर्ता माणूस आतल्या खोलीत दार लावून बसायचा, कोशाच्या काठातलाच एक धागा ओढायचा आणि दोन्ही टोकांना बारीक दुहेरी टाका घालायचा. घाटावर सगळ्यांच्या देखत त्या टाक्यावर गाठ मारायची. गाठ सुटली तरी टाका धरून ठेवायचा. अब्बांनी हे नईमला दाखवलं आणि म्हणाले, हे चोरी नाही, पण कुणाला सांगशील तर चोरी होईल.

दिवाळीनंतर बापूजीराजे वारले. मागे एकुलती एक मुलगी, पुनम. चाळिशीची बाई, नागपूरला जनावरांची डॉक्टर. दोन्ही सभांनी तिच्या नावाला होकार दिला, जानेवारीतली तारीख निघाली आणि नईमभाईंनी दुकानातली जुनी शिलाई संपवून हात मोकळे करून ठेवले. आठ दिवस राहिले तरी शेले आले नाहीत. पाच दिवस राहिले असताना दरबाराचं पत्र आलं.

वैरागडच्या सभेत निकेश नावाचा तरुण वकील निवडून आला होता. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. एटापल्लीच्या जंगलाचा निर्णय एटापल्लीत व्हावा, नदीपलीकडच्या राजवाड्यात कशाला, एवढंच त्याचं म्हणणं, आणि त्यात खोट काढायला जागा नव्हती. त्याने सभेत विचारलं, ज्या कापडावर दोन देशांचं भवितव्य ठरतं ते आठ दिवस एका शिंप्याच्या घरी काऊन पडून राहते? ठराव झाला. दोन्ही शेल्यांची पेटी दोन्ही देशांचं कुलूप लावून ठेवायची आणि थेट घाटावर उघडायची.

नईमभाईंनी पत्र दोनदा वाचलं, घडी करून गल्ल्यात ठेवलं, आणि त्या दिवसापासून त्यांच्या घशाखाली घास उतरेना.

त्यांना राजाचं काही पडलं नव्हतं. त्यांना पडली होती आफ्रीनची. मुलगी वडशात दिलेली, पूल ओलांडला की घर. जावई जाहिद नाटकाच्या मंडळींबरोबर लाइटचं काम करायचा, आणि हिवाळा म्हणजे झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम, रोज नवं गाव. आफ्रीनला नववा लागत होता. पहिलं बाळंतपण माहेरी. सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिला घेऊन यायचं ठरलेलं, बायकोने, साबिराने, खोली सारवून, गोधड्या उन्हाला घालून तयार ठेवली होती. गाठ सुटली तर पूल बंद. आजच तिला इकडे आणावी, तर ती इकडे आणि तिचा नवरा तिकडे अडकणार, लेकराचं तोंड बापाला दिसायला किती महिने लागतील कुणाला ठाऊक. नाही आणावी, तर पोरगी तिकडे बाळंत होणार आणि तिची आई नदीच्या काठावर उभी राहून बघणार. दोन्हीकडून मरण. नईमभाई मनात हे उलटसुलट करत राहिले आणि दर वेळी तिथेच येऊन पोचले.

तिसऱ्या दिवशी साबिराने ताट पुढे सरकवलं आणि तिथेच बसली.

“आफ्रीनचे अब्बा, आता सांगून टाका. दोन दिवसांपासून जेवून नाई राह्यले. दुकानात बसता तर सुई हातात अन् नजर भिंतीवर.”

“काई नाई.”

“काई नाई म्हणून का कोणी भाताशी खेळते?”

तेव्हा त्यांनी सांगितलं. टाका, अब्बा, आतली खोली, पेटीचं कुलूप, सगळं. आणि शेवटी, ज्याची खरी लाज वाटत होती ते. शुगरमुळे उजव्या अंगठ्याला वर्षभरापासून स्पर्शच कळत नव्हता. फेटे बांधताना डोळ्यांनी बघून भागत होतं. पण पागोट्याची गाठ मानेमागे, घड्यांच्या आत, न बघता मारायची.

एकोणतीस वर्षं ह्या माणसाबरोबर राहून हे आपल्याला आज कळतंय, ह्याचा साबिराला राग आला होता, आणि तो तिने लपवला नाही.

“माह्यापासून लपवलं तुम्ही. सरकारपासून लपवा, मले समजते. माह्यापासून?”

“अब्बाने कसम घातली होती.”

“अब्बा गेले. मी आहो ना.” मग ती उठली, पेटीतून आफ्रीनच्या लग्नातली कोशाची ओढणी काढली, दोरीवरचा सुती पंचा ओढला आणि दोन्ही त्यांच्या मांडीवर टाकले. “बांधा. माह्या डोक्याले बांधा.”

मग दोन दिवस हेच. जेवणानंतर दुकान बंद, दार आतून लोटलेलं, साबिरा पाटावर ताठ बसलेली आणि नईमभाई मागे उभे. गाठ मारायची, पदर गुंडाळायचे, मग साबिराने उठून स्वयंपाकघरापासून अंगणातल्या चुलीपर्यंत चालायचं, दोन पायऱ्या उतरायच्या, दोन चढायच्या. पहिल्या दिवशी गाठ चुलीपर्यंतही टिकली नाही. शेजारीण कुंपणावरून विचारायची, साबिराभाभी, डोक्याले काय झालं? साबिरा म्हणायची, डोकं दुखून राह्यलं बाई, आवळून बांधलं. हे मात्र खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी साबिराला सुचलं. “ओली करून बघा ना गाठ.”

ओल्या कोशाने सुताला धरलं. अंगणाच्या तीन चकरा झाल्या, पायऱ्या झाल्या, साबिराने वाकून चुलीत लाकूडसुद्धा सारलं, गाठ जागेवर. नईमभाई पहिल्यांदा हसले. मग ती उन्हात धान निवडायला बसली आणि अर्ध्या तासाने ओढणी खांद्यावर उतरली. वाळली की सुटते. नदी पार करायला वीस मिनिटं लागतात, जास्तीत जास्त पंचवीस. एवढ्या वेळात जानेवारीचं ऊन गाठ वाळवणार नाही, अशा हिशेबावर दोन देश आणि एक लेकरू टांगलेलं.

सोहळ्याच्या सकाळी घाटावर माणूस मावत नव्हता. पेटी आली. निकेश एका बाजूला, चांद्याचा दिवाण दुसऱ्या बाजूला, दोन किल्ल्या फिरल्या. निकेशने दोन्ही शेले उन्हात धरून काठापासून काठापर्यंत बघितले आणि नईमभाईंच्या हातात दिले. “माफ करा भाऊ,” तो हळू म्हणाला, “तुमच्यावर शक नाई. रीत तपासून राह्यलो फक्त.” नईमभाईंनी मान हलवली.

नमाजाआधी वजू केल्यासारखे त्यांनी नदीत हात धुतले आणि पुसले नाहीत. तेवढंच पाणी. पुनमराणी पाटावर बसली. त्यांनी टोकं ओल्या तळव्यांत चुरगाळली, मानेमागे नेली. अंगठा लाकडाचा. कुठलं टोक कुठून आलं ते बोटांना कळेना, आणि समोर हजारो डोळे. त्यांनी मनातल्या मनात साबिराचं डोकं धरलं, तिच्या केसांचा अंबाडा कुठे, कान कुठे, आणि त्या अंदाजाने गाठ मारून वर पदर चढवले. बाहेरून बघणाऱ्याला पागोटं सुरेखच दिसत होतं.

“नईमचाचा, भल्लं जड आहे हे,” पुनमराणी पुटपुटली.

“मान हालवू नका, बाईसाहेब. पलीकडे जाईपर्यंत बिलकुल हालवू नका.”

तिने त्यांच्याकडे बघितलं. काहीतरी तिला कळलं असावं, कारण त्यानंतर ती मान अशी धरून चालली की लोकांना वाटलं, काय हा राणीचा रुबाब.

डोंग्यात चौघं. वल्हवणारा पोचू, पुढे राणी उभी, मागे निकेश, आणि रिवाजाप्रमाणे पागोटं बांधणारा, ज्याला आता पागोट्याला हात लावायची बंदी. डोंगा निघाला तेव्हा सगळं ठीक होतं. पण यंदा पाणी कमी. मधल्या धारेत डोंगा वाळूला लागला आणि थांबला. पोचूने बांबू रोवला, जोर लावला, डोंगा हलेना. तो खाली उतरून ढकलू लागला.

“किती वेळ?” नईमभाईंनी विचारलं.

“होते ना भाऊ. घाई कायची हाये?”

ऊन बरोबर राणीच्या मानेवर. नईमभाई बघत होते, दुसरीकडे बघताच येत नव्हतं. तांबड्या घडीखालून पिवळ्या कोशाची एक बारीक कड डोकावली. मघाशी ती नव्हती. त्यांच्या तळहातांना घाम सुटला, आणि हा घाम त्या गाठीला लावता आला असता तर, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. कड नखाएवढी झाली. मग बोटभर. काठावर वैरागडची माणसं हात हलवत होती. त्यांच्या डावीकडे लांबवर वडशाचा पूल दिसत होता, त्यावरून एक ट्रॅक्टर निवांत चालला होता. आफ्रीन आत्ता घरात पडून मोबाइलवर हेच बघत असेल, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि डोळे भरून आले. या अल्ला, एवढी नदी पार कर.

डोंगा सुटला तेव्हा चाळीस मिनिटं झाली होती.

पलीकडच्या घाटावर गुणाबाई उभी होती. शहात्तर वर्षांची, आरमोरीकडच्या एका गावात धानाची शेती करणारी साधी बाई, पण मान तिच्या घराचा. मागच्या वेळीही तीच होती. राणी चढ चढून आली, तिच्यासमोर पाठ करून उभी राहिली. निकेश शेजारी मोबाइल धरून. गुणाबाईने पदर खोचला आणि दोन बोटं मानेवरच्या घड्यांत सारली.

एरवी हे काम क्षणाचं. गुणाबाईची बोटं आत गेली आणि तिथेच राहिली. तिच्या कपाळावर आठी पडली. बोटं डावीकडे गेली, उजवीकडे आली, पुन्हा डावीकडे. ढोलवाला टिपरू वर धरून थांबला होता. नईमभाईंनी डोळे मिटले.

“गाठ हाये,” गुणाबाई म्हणाली.

ढोल वाजला. माणसं ओरडली, फटाके लागले, कुणीतरी नईमभाईंच्या पाठीवर थाप मारली. त्यांनी डोळे उघडले तर गुणाबाईचा हात अजून पागोट्यातच. आता दोन बोटं नव्हे, अख्खी मूठ.

“बाई, हात काढा ना आता,” निकेश म्हणाला.

“मांडवापर्यंत असाच नेतात. आमच्या घरची रीत हाये.”

“मी तर नाई ऐकली अशी रीत.”

“तुह्या जन्माच्या आधीची हाये, बापू. तुले कोण सांगन?”

राणीच्या मानेमागे हात धरून ती म्हातारी मांडवापर्यंत चालली, उन्हातून, फरफटत्या पायांनी, आणि लोक म्हणाले, काय माया आहे बाईची. मांडवाच्या आतल्या कनातीत तिघंच उरल्यावर तिने मूठ उघडली. बावीस हात कापड राणीच्या खांद्यावरून घसरून जमिनीवर आलं, तांबडं वेगळं, पिवळं वेगळं. पुनमराणीने दोन्हींकडे बघितलं, मग मटकन बाजेवर बसली आणि दोन्ही हातांनी मान चोळायला लागली.

नईमभाई गुणाबाईच्या पायाशी वाकले. तिने त्यांना खांद्याला धरून उठवलं.

“टाका कुठी गेला, नईमभाऊ?”

त्यांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

“मागच्या बारीले माह्या बोटाले लागला होता. बारीक, दुहेरी. माह्या सासूले बी लागला होता, मरताना तिनंच सांगतलं मले, की टाका हाये तवा भिऊ नोको, गाठ हाये म्हणजो. तिले तिच्या सासूनं सांगतलं. आज मी शोधून राह्यली, शोधून राह्यली, अन् टाकाच नाई. माहा जीव कसा झाला असन?”

“पेटी बंद होती, गुणाबाई. घालताच नाई आला.”

“मले का मालूम? मले वाटलं, तुमाले आता आमी नोको झालो.”

नईमभाईंना हुंदका आवरला नाही. इतकी वर्षं अब्बा, अब्बांचे अब्बा, सगळे आतल्या खोलीत दार लावून भीत बसले होते की पलीकडच्यांना कळेल. आणि पलीकडे कळलेलं होतंच.

बाहेर पडल्यावर त्यांनी पहिला फोन घरी लावला. साबिराने एका रिंगमध्ये उचलला. तिच्यामागे टीव्हीचा आवाज येत होता, ढोल तिथेही वाजत होता.

“टिकली ना?” साबिराने विचारलं.

“नाई टिकली.”

पलीकडे साबिराने टीव्ही बंद केला. “मंग ढोल कसा वाजला?”

“गुणाबाईनं धरली,” नईमभाई म्हणाले. “खोली उघडून ठेव. उद्यापर्यंत नाई थांबत, मी आत्ताच घेऊन येतो आफ्रीनले.”